पोकेमॉन हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान या गेममधल्या जोहटो प्रदेशात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे, आणि पूर्वी अर्ध्यात सोडलेला गेम आता पुरा करायला बसलेल्यांसाठीही. जिम लीडरांचे (गावोगावचे प्रमुख ट्रेनर, ज्यांना हरवून बॅज मिळतो) संघ आणि शेवटची लढत यांची माहिती खाली उघडपणे दिली आहे. शेवट आधी कळू नये असे वाटत असेल, तर लीगचा चॅम्पियन लान्स याच्यापासून पुढचे प्रश्न नंतर वाचा.

हा नेमका कशाचा रिमेक आहे?

पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर हे गेम जपानमध्ये १९९९ साली गेम बॉयसाठी आले. जवळजवळ दहा वर्षांनी, सप्टेंबर २००९ मध्ये, गेम फ्रीकने त्यांची नवी आवृत्ती निन्टेन्डो डीएसवर आणली. दिग्दर्शन शिगेकी मोरिमोतो यांचे होते. उत्तर अमेरिका आणि युरोपात ती मार्च २०१० मध्ये पोहोचली. कथा, नकाशा आणि जिम लीडर तेच आहेत, पण त्याखालची यंत्रणा मालिकेतल्या चौथ्या पिढीची आहे. म्हणजे मूळचे २५१ नव्हे, तर एकूण ४९३ पोकेमॉन या गेमला माहीत आहेत. मधल्या काळातल्या क्रिस्टल आवृत्तीतला सुइकून या पौराणिक पोकेमॉनचा धागाही यात विणून घेतलेला आहे.

जोहटो हा प्रदेश जपानच्या कान्साई भागावर बेतलेला आहे. एक्रुटीक शहराचे जुने मनोरे आणि किमोनो घातलेल्या नर्तिका पाहिल्या की क्योटो ओळखू येते. रिमेकमध्ये या शहरांना जी रंगसंगती आणि जे संगीत मिळाले, ते मला अजूनही या मालिकेतले सर्वात देखणे काम वाटते.

मूळ गेम आधी खेळायला हवा का?

नाही. सरळ रिमेकपासून सुरुवात करा. मूळ गेममध्ये एखादा मूव्ह (पोकेमॉनची चाल) फिजिकल की स्पेशल, म्हणजे अंगाचा मार की शक्तीचा, हे त्याच्या टाइपवरून (आग, पाणी, गवत असा प्रकार) ठरायचे, इथे प्रत्येक मूव्हसाठी ते वेगळे ठरते. त्यामुळे कितीतरी पोकेमॉन पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने उपयोगी झाले. शिवाय मूळ कार्ट्रिजमधली बॅटरी संपली की सेव्हही जातो. रिमेकचा सेव्ह बॅटरीवर अवलंबून नाही, आणि घड्याळ तो डीएसकडूनच घेतो.

हार्टगोल्ड घ्यावा की सोलसिल्व्हर?

कथेत मुख्य फरक एकच. हार्टगोल्डमध्ये लीगच्या (बॅज जमवल्यावरची शेवटची स्पर्धा) आधी हो-ओह हा पौराणिक पक्षी भेटतो, लेव्हल ४५ चा. सोलसिल्व्हरमध्ये त्याच्याऐवजी लुगिया. दुसरा नंतर लेव्हल ७० वर मिळतोच, म्हणजे कोणीही कायमचा हुकत नाही. बाकी काही पोकेमॉन एकाच आवृत्तीत सापडतात: ग्रोलिथ, मँकी आणि ग्लायगर हार्टगोल्डमध्ये, व्हल्पिक्स, मियाउथ आणि स्कारमरी सोलसिल्व्हरमध्ये. यातला एखादा लाडका असेल तर निर्णय झालाच. नसेल तर ज्याचे मुखपृष्ठ आवडते तो घ्या.

कोणत्या मशीनवर चालतो? वापरलेले कार्ट्रिज घेताना काय बघावे?

डीएस, डीएस लाइट, डीएसआय, टूडीएस, थ्रीडीएस या सगळ्यांवर चालतो. फक्त गेम बॉय अॅडव्हान्सच्या जुन्या गेममधले पोकेमॉन पाल पार्कमधून आणायचे असतील, तर पहिला डीएस किंवा डीएस लाइटच लागेल, कारण गेम बॉय अॅडव्हान्सची खाच त्यांनाच आहे.

नकली कार्ट्रिज बाजारात भरपूर आहेत. बहुतेक डीएस गेमचे कार्ट्रिज करड्या रंगाचे असते, पण या दोन गेमचे अस्सल कार्ट्रिज काळपट असते आणि उजेडासमोर धरले की गडद लालसर, अर्धपारदर्शक दिसते. याचे कारण त्यातला इन्फ्रारेड भाग, जो पोकेवॉकरशी (गेमसोबतचे पावले मोजणारे यंत्र) बोलतो. करडे, ठोकळ्यासारखे अपारदर्शक कार्ट्रिज कोणी दाखवले तर घेऊ नका. नकली कार्ट्रिज बरेच तास नीट चालून ऐन वेळी सेव्ह गमावू शकते, आणि तेव्हा त्याच्या स्वस्तपणाचे काहीच समाधान उरत नाही.

स्टार्टर कोणता निवडू?

स्टार्टर म्हणजे सुरुवातीला मिळणारा पहिला पोकेमॉन; तिघांपैकी कोणालाही घेऊन गेम पुरा होतो. पण वाट सारखी नाही.

सिंडाक्विल पहिल्या अर्ध्या गेममध्ये सोपा जातो. जिम लीडर बग्सीचे किडे, पुढे जॅस्मिनचे पोलादी पोकेमॉन, दोन्ही ठिकाणी आग कामाला येते. टोटोडाईल सर्वात समतोल आहे. लेव्हल १८ ला क्रोकोनॉ, ३० ला फेरलिगेटर, आणि सर्फसकट (पाण्यावरून नेणारा मूव्ह) पाण्याची सगळी कामे तो स्वतःच करतो, त्यामुळे संघातली एक जागा वाचते. चिकोरिटाची वाट खडतर आहे. पहिला फॉकनर उडणाऱ्यांचा, दुसरा बग्सी किड्यांचा, दोघेही गवताला भारी. तिला घेणाऱ्याला संघातल्या बाकीच्यांवर लवकर लक्ष द्यावे लागते, आणि माझ्या मते ती चांगली सवय आहे. तिचे शेवटचे रूप मेगॅनियम सोसणारी आहे, मारणारी नाही, एवढे ध्यानात ठेवले की तिच्याविषयी तक्रार राहत नाही.

पोकेमॉन मागे मागे चालतो, त्याचा काही उपयोग आहे की नुसती शोभा?

संघात पहिल्या जागी जो असेल तो तुमच्या मागून चालतो. वळून त्याच्याशी बोलता येते, आणि तो कसा आहे ते कळते: खूश, दमलेला, कुठल्याशा आवाजाने बावरलेला. काही वेळा एखादी वस्तूही शोधून देतो. लढाईच्या हिशेबात याची किंमत कमी आहे.

तरीही या रिमेकमधली सर्वात मोलाची गोष्ट कोणती असे विचारले तर मी हीच सांगेन. पेटीतल्या (पोकेमॉन साठवण्याची जागा) आकड्यांची यादी आणि सोबत चालणारा प्राणी यांत फरक आहे. लढाईत कमी पडणाऱ्याला पेटीत टाकून देण्याआधी हात थबकतो. दर एक-दोन गावांनी पहिली जागा बदला, सगळ्यांना चालू द्या. त्यातून आणखी एक साधते: पहिल्या जागेवरचा पोकेमॉन प्रत्येक लढतीला उतरतो, म्हणून संघाची वाढ आपोआप सारखी होते.

गोल्डनरॉडची जिम लीडर व्हिटनी हिच्या मिल्टँकपुढे काहीच चालत नाही. काय करू?

हा प्रश्न दोन दशके विचारला जातोय, तेव्हा उत्तर सविस्तर देतो.

आधी ती नेमके काय करते ते बघा. मिल्टँक लेव्हल १९ ची आहे. तिचा रोलआउट हा मूव्ह लागोपाठ लागत गेला की दर वेळी दुप्पट जोराचा होतो, पाच वेळांपर्यंत. अट्रॅक्टने ती नर पोकेमॉनला भुलवते, मग तो निम्म्या वेळा हलतच नाही. तुम्ही तिला अर्ध्यावर आणले की मिल्क ड्रिंकने ती परत भरते. रिमेकमध्ये तिच्याकडे लम बेरीही असते, म्हणजे पहिल्यांदा झोपवले किंवा पॅरलाइझ केले तरी ती लगेच बरी होते. आणि स्क्रॅपी या तिच्या अॅबिलिटीमुळे (अंगभूत गुण) नॉर्मल मूव्ह भुतांनाही लागतात. मूळ गेममधली गॅस्टली पुढे करून निवांत बसण्याची युक्ती त्यामुळे इथे चालत नाही. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये ती अजून सापडते, तिच्यावर विसंबू नका.

आता उपाय. गोल्डनरॉडच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये पाचव्या मजल्यावर एकजण ड्राउझीच्या बदल्यात मसल नावाची माचोप देतो. ड्राउझी शेजारच्याच रूट ३४ वर मिळतो. मसल मादी आहे, म्हणून अट्रॅक्ट निकामी. ती फायटिंग टाइपची आहे, म्हणून कराटे चॉप दणकून बसतो आणि रोलआउटचा मार अर्धा होतो. अदलाबदलीत आलेल्या पोकेमॉनला अनुभवही दीडपट मिळतो, तेव्हा तिला तयार करायला वेळ लागत नाही.

दुसरा मार्ग मादी जिओड्यूड. युनियन केव्हमध्ये मुबलक आहेत. स्टॉम्प आणि रोलआउट, दोन्हींचा मार तिच्यावर निम्माच पडतो.

लेव्हल वाढवत बसणे हा तिसरा मार्ग आहे आणि तोच सगळे आधी धरतात. लेव्हल २५ चा नर क्विलावा (सिंडाक्विलचे पुढचे रूप) नेऊनही लोक हरतात, कारण अडचण लेव्हलची नसून नर असण्याची आणि टाइपची आहे. या गेममध्ये जिथे जिथे अडाल, तिथे आधी हेच तपासा.

सहाव्या-सातव्या जिमनंतर संघाची लेव्हल वाढतच नाही. सगळ्यांचे असेच होते का?

हो, आणि त्याला कारण आहे. एक्रुटीकमध्ये मॉर्टीला हरवले की गेम तुम्हाला मोकळे सोडतो. सिअनवुडचा चक, ऑलिव्हाइनची जॅस्मिन आणि महोगनीचा प्राइस यांच्याकडे हव्या त्या क्रमाने जाता यावे, म्हणून या भागातले जंगली पोकेमॉन आणि ट्रेनर सगळे खालच्या पातळीवर ठेवले आहेत. मॉर्टीचा गेंगार लेव्हल २५ चा, प्राइसचा पिलोस्वाइन ३४ चा. एवढ्या मोठ्या नकाशात एवढीच चढण. त्यानंतर मात्र क्लेअरची किंग्ड्रा ४१ आणि लान्सचा सर्वात मोठा ड्रॅगनाइट ५०. ही उडी खरी आहे, तुमचे काही चुकलेले नाही.

गवतात तासन् तास फेऱ्या मारण्यापेक्षा हे करा. वाटेतला एकही ट्रेनर सोडू नका. जे फोन नंबर देतात ते घ्या, कारण ते पुन्हा लढायला बोलावतात. लेक ऑफ रेजवर लाल गॅराडोसची गोष्ट संपल्यावर जी रेड स्केल मिळते, ती मिस्टर पोकेमॉनला नेऊन द्या, तो बदल्यात एक्सपी शेअर (लढतीचा अनुभव वाटून देणारी वस्तू) देतो. ही वस्तू अनेकजण विसरतात आणि शेवटपर्यंत तिच्याविना खेळतात. आणि संघ पाच-सहांवरच ठेवा. दहाजण थोडे थोडे वाढवले तर या गेममध्ये कोणीच पुरे पडत नाही.

लीग लेव्हल पन्नाशीविना होत नाही, असे बरेचजण सांगतात. टाइप नीट जुळवले तर चाळिशीच्या मध्यावरचा संघ लीग जिंकतो.

मग संघात कोण असावे?

आवडतील ते. तरी काही नावे सुचवतो, कारण त्यांना अदलाबदल लागत नाही आणि ती वाटेतच मिळतात.

मरीप, रूट ३२ वर. लेव्हल १५ ला फ्लाफी, ३० ला अँफारोस. जोहटोभर पाणी आणि पक्षी इतके आहेत की वीज कधी वाया जात नाही. त्याच रूटवरच्या पोकेमॉन सेंटरमध्ये ओल्ड रॉड मिळते. तिने मॅजिकार्प धरा आणि वीस लेव्हलपर्यंत धीर धरा, गॅराडोस होतो. आइस पाथमधला स्वाइनब मात्र माझ्या दृष्टीने या रिमेकची खरी भेट आहे. मूळ गेममध्ये तो पिलोस्वाइनवर थांबायचा. इथे ब्लॅकथॉर्नमध्ये हार्ट स्केल देऊन पिलोस्वाइनला एन्शंट पॉवर हा मूव्ह आठवून द्या, पुढच्या लेव्हलला तो मॅमोस्वाइन होतो. बर्फ आणि जमीन, दोन्हींचे जोरदार मूव्ह. लान्ससाठी याहून चांगला साथी जोहटोत मला दिसत नाही.

झुबॅटला हसू नका. मैत्री वाढली की गोलबॅटचा क्रोबॅट होतो, आणि त्याच्या वेगाला तोड नाही.

हेडबटही लवकर शिकून घ्या. इलेक्स फॉरेस्टमध्ये तो शिकवणारा भेटतो. झाडांना धडक दिली की हेराक्रॉस आणि आयपॉमसारखे पोकेमॉन पडतात. कोणत्या झाडावर कोण, हे तुमच्या ट्रेनर आयडीवर अवलंबून असते, म्हणून दुसऱ्याने सांगितलेले झाड तुमच्याकडे रिकामे निघू शकते. चार-पाच झाडे बदलून बघा.

वार आणि वेळ यांना इतके महत्त्व का?

कारण जोहटो त्यावरच उभा आहे. सकाळ पहाटे चारला सुरू होते, दिवस दहाला, रात्र आठला. हूटहूट रात्रीचा, लेडिबा सकाळचा. ईव्हीची मैत्री पूर्ण झाल्यावर लेव्हल दिवसा वाढली तर एस्पिऑन, रात्री वाढली तर अंब्रिऑन. नॅशनल पार्कची किडे पकडण्याची स्पर्धा मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी. युनियन केव्हच्या तळाशी लॅप्रास फक्त शुक्रवारी. सात वारांच्या नावांची सात भावंडे आपापल्या वारी आपापल्या जागी उभी असतात आणि वस्तू देतात. रेडिओवरचा बुएनाचा कार्यक्रम रात्री आठ ते बारा.

डीएसचे घड्याळ पुढे-मागे करून हे सगळे एका बैठकीत उरकायचा मोह होतो. गेमला ते कळते आणि रोजच्या घडामोडी काही काळ अडकून पडतात. पण त्याहून मोठे नुकसान असे की शुक्रवारची वाट बघण्यात जी गंमत आहे ती निघून जाते. एका वेळी सहा तास खेळण्यापेक्षा रोज तासभर, वेगवेगळ्या वेळी खेळा. गेम तसा खेळण्यासाठीच बांधलेला आहे.

अझेलियाच्या कर्टकडून बॉल करून घेण्यात अर्थ आहे का?

आहे, विशेषतः रिमेकमध्ये. मूळ गेममध्ये यातले काही बॉल बिघडलेलेच होते. लव्ह बॉल भिन्नलिंगी पोकेमॉनवर चालायला हवा होता, तो समान लिंगावर चालायचा. मून बॉलही नीट काम करत नसे. इथे हे दुरुस्त झाले आहे.

कोणत्या ॲप्रिकॉर्नचा (झाडावरचे रंगीत फळ) कोणता बॉल, ते सांगतो. लाल लेव्हल बॉल, निळा ल्युअर बॉल, काळा हेवी बॉल, गुलाबी लव्ह बॉल, हिरवा फ्रेंड बॉल, पांढरा फास्ट बॉल, पिवळा मून बॉल. कर्ट दुसऱ्या दिवशी देतो. माझा आग्रह पांढऱ्यांसाठी आहे: ते साठवत राहा, रायकू आणि एंटेई या सतत पळणाऱ्या पोकेमॉनसाठी लागतील. गळाला लागलेल्या पोकेमॉनसाठी ल्युअर बॉलही उत्तम.

एचएम मूव्हमुळे संघाची वाट लागते. त्यातून मार्ग?

जोहटोत सात एचएम (वाटेतले अडथळे पार करणारे मूव्ह) लागतात आणि आठवा, रॉक क्लाइंब, कँटो या लीगनंतरच्या प्रदेशाच्या शेवटी मिळतो. ते साधेपणी विसरवता येत नाहीत, त्यासाठी ब्लॅकथॉर्नमधल्या माणसाकडे जावे लागते. सर्फ आणि वॉटरफॉल हे मूव्ह म्हणूनही चांगले आहेत, ते संघातल्या पाण्याच्या पोकेमॉनला द्या. कट, स्ट्रेंग्थ आणि रॉक स्मॅशसाठी सेंट्रेट पाळा. तो अगदी पहिल्या रूट २९ वर मिळतो, लेव्हल १५ ला फरेट होतो, आणि हे तिन्ही शिवाय सर्फही शिकतो. टीएम (मूव्ह शिकवणारी वस्तू) मात्र इथे एकदाच वापरता येतात. अर्थक्वेकसारखा टीएम कोणाला द्यायचा ते दोनदा विचार करून ठरवा.

माझ्याकडे एकच डीएस आहे. हाँटर, कडाब्रा, माचोक आणि ग्रॅव्हेलर पुढे जातील का?

एकट्याने नाही, कारण हे चौघे अदलाबदल झाली तरच पुढच्या रूपात जातात. निन्टेन्डोची डीएससाठीची वाय-फाय सेवा मे २०१४ मध्ये बंद झाली. समोरासमोर दोन मशीन ठेवून वायरलेसने अदलाबदल मात्र आजही होते. कोणी मित्र नसेल तर या चौघांवर संघ उभारू नका. कडाब्रा आहे त्या रूपातही जबरदस्त मारतो, बाकी तिघांना पर्याय आहेत.

गेम कॉर्नरमध्ये स्लॉट मशीन नाहीत. नाणी कशी मिळवायची?

जपानबाहेरच्या आवृत्त्यांमध्ये त्या जागी व्होल्टॉर्ब फ्लिप आहे, आणि नाणी विकत मिळत नाहीत. पाच बाय पाचचा पट असतो. प्रत्येक ओळीच्या आणि स्तंभाच्या टोकाला त्यातल्या आकड्यांची बेरीज आणि व्होल्टॉर्बची (जो उघडला की डाव संपतो) संख्या लिहिलेली असते.

दोन नियम पुरतात. जिथे व्होल्टॉर्ब शून्य, ती ओळ डोळे मिटून उघडा. जिथे बेरीज आणि व्होल्टॉर्ब मिळून पाच होतात, तिथे एक आणि व्होल्टॉर्ब यांपलीकडे काहीच नाही, ती ओळ सोडून द्या. उरलेल्या घरांत दोन किंवा तीन कुठे बसू शकतात ते आडव्या-उभ्या आकड्यांवरून ताडायचे. हे खेळायला मला स्लॉटपेक्षा कितीतरी जास्त आवडते, कारण इथे डोके चालते. आइस बीम, थंडरबोल्ट आणि फ्लेमथ्रोअरचे टीएम प्रत्येकी १०,००० नाण्यांना आहेत. लान्सपूर्वी आइस बीम घेतलात तर सगळे श्रम वसूल.

पोकेवॉकर नसेल तर काही अडते का?

कथेत काहीच नाही. असेल तर चांगली सोबत. २० पावलांना एक वॉट मिळतो, वॉटनी नवे रस्ते उघडतात आणि तिथे पोकेमॉन व वस्तू सापडतात. आत ठेवलेल्या पोकेमॉनला पावलागणिक अनुभव मिळतो, पण एका फेरीत एकच लेव्हल वाढते. बॅटरी सीआर२०३२ प्रकारची, सहज मिळणारी.

क्लेअरला हरवले तरी ती बॅज देत नाही?

ड्रॅगन्स डेनमध्ये जा. तिथले आजोबा पोकेमॉनविषयी काही प्रश्न विचारतात. प्रेमाने, माणूसपणाने उत्तरे द्या. त्यांना उत्तरे मनापासून पटली तर पुढे ते एक्स्ट्रीमस्पीड येणारा ड्रॅटिनी देतात, जो एरवी हा मूव्ह शिकत नाही.

क्लेअरच्या किंग्ड्राविषयी एक सांगायला हवे: पाणी आणि ड्रॅगन असल्याने तिला फक्त ड्रॅगनच भारी पडतो. कमकुवत बाजू शोधत बसू नका. सोसणारा पोकेमॉन पुढे करून शांतपणे मारत राहा.

रायकू आणि एंटेई दिसताच पळतात. मास्टर बॉल त्यांच्यावर वापरू?

बर्न्ड टॉवरमधून सुटल्यावर हे दोघे जोहटोभर भटकतात, लेव्हल ४० वर. एकदा भेट झाली की पोकेगिअर या तुमच्या फोनच्या नकाशावर ते दिसू लागतात. मागे धावू नका. दोन रस्त्यांच्या सीमेवर ये-जा करत राहा, ते फिरत तुमच्या रस्त्यावर येतील. त्यांचे कमी झालेले आरोग्य पुढच्या भेटीतही तसेच राहते, म्हणून प्रत्येक भेटीत एक घाव किंवा एक फास्ट बॉल पुरे. ज्यांचा मूळ वेग १०० किंवा जास्त, त्यांच्यावर फास्ट बॉल चौपट चालतो, आणि दोघेही त्यात बसतात. झोप किंवा पॅरलिसिस लागले तर तेही टिकते.

सुइकून रिमेकमध्ये असा पळत नाही. त्याची वाट कथेतून जाते आणि कँटोतल्या रूट २५ वर तो समोर उभा राहतो. मास्टर बॉल, जो कधीच चुकत नाही, कोणावर वापरायचा हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. मी तो हो-ओहवर वापरणार नाही. बेल टॉवरच्या माथ्यावर पाच नर्तिकांच्या नृत्यानंतर जो पक्षी उतरतो, त्याच्याशी पूर्ण लढत व्हावी असे मला वाटते. आधी सेव्ह करा म्हणजे झाले.

लान्स कसा हरवायचा?

त्याच्याकडे तीन ड्रॅगनाइट, गॅराडोस, एरोडॅक्टिल आणि चारिझार्ड. ड्रॅगन टाइपचा चॅम्पियन म्हणवत असला तरी सहाही उडणारे आहेत. बर्फाचा मार ड्रॅगनाइटवर चौपट, विजेचा गॅराडोसवर चौपट आणि चारिझार्ड व एरोडॅक्टिलवर दुप्पट, दगडाचा चारिझार्डवर चौपट. म्हणजे एक मॅमोस्वाइन, एक अँफारोस आणि दगडाचा मूव्ह असलेला कोणीही, एवढ्यावर लढत उभी राहते. पूर्ण बरे करणारी औषधे आणि रिव्हाइव्ह आधी भरून घ्या. एलिट फोर या लीगच्या चार ट्रेनरांपासून लान्सपर्यंत मध्ये पोकेमॉन बरे करणारे सेंटर नाही.

लीगनंतर गेम संपतो का?

अर्धाच झालेला असतो. जहाजाने कँटोत जा, तिथे आणखी आठ बॅज आहेत. मूळ गेममध्ये कँटो आखडता घेतलेला होता, व्हिरिडियन फॉरेस्टही नावापुरते. रिमेकने ते जंगल परत दिले, सेरुलियन केव्हमध्ये लेव्हल ७० चा म्यूटू ठेवला, तिन्ही पौराणिक पक्षी आणले. ज्वालामुखीने सिनाबारचे गाव गिळलेले आहे आणि ब्लेनने सीफोमच्या गुहेत जिम मांडली आहे. पहिले गेम खेळलेल्यांना ते बेट बघून गलबलून येते.

एक अडचण नेहमी विचारली जाते. सेरुलियनची जिम लीडर मिस्टी जिममध्ये नसते. पॉवर प्लँटचा चोरीला गेलेला भाग आधी तिच्या जिममध्येच शोधा, मग रूट २५ कडे जा. आणि डिगलेट्स केव्हसमोर झोपलेल्या स्नोर्लॅक्सला रेडिओवरचे पोके फ्लूटचे चॅनल ऐकवा.

रेडशी लढण्याआधी काय तयारी हवी?

रेड हा पहिल्या गेमचा नायक, माउंट सिल्व्हरच्या शिखरावर भेटतो; सोळा बॅज झाले की प्रोफेसर ओक तिथली परवानगी देतात. व्हिरिडियनचा जिम लीडर ब्लू याचा सर्वात मोठा पोकेमॉन लेव्हल ६० चा आहे आणि रेडचा पिकाचू ८८ चा. मालिकेतल्या ट्रेनरांमध्ये ही दरी दुर्मीळ आहे. मधला रस्ता एलिट फोरचा: सोळा बॅजनंतर त्यांचे संघ बरेच वरचे होतात, तिथे पुन्हा पुन्हा लढा.

शिखरावर सतत गारा पडतात. बर्फ टाइप सोडून प्रत्येकाला दर फेरीला मार बसतो, आणि गारांमध्ये ब्लिझर्ड कधी चुकत नाही. रेडच्या लॅप्रास, स्नोर्लॅक्स आणि ब्लास्टॉइज या तिघांकडे ब्लिझर्ड आहे. म्हणून सनी डे लावून हवामान बदलणे ही इथली सर्वात परिणामकारक चाल. पिकाचूसमोर क्वॅगसायर पाठवा. वीज त्याला लागत नाही आणि आयर्न टेलही अर्धाच बसतो. नंतर व्हिनसॉर येणार असेल तर मात्र त्याला ताबडतोब मागे घ्या, गवताचा मार त्याच्यावर चौपट आहे. व्हिनसॉर आणि चारिझार्ड आपापले सर्वात जड मूव्ह वापरले की पुढच्या फेरीला थांबतात. ती फेरी बरे करण्यात न घालवता मारण्यात घाला.

सत्तरीच्या आसपासचा, नीट जुळवलेला संघ त्याला हरवू शकतो. तो बोलत काहीच नाही. संगीत बंद ठेवून ही लढत खेळू नका.

पुन्हा पहिल्यापासून खेळायचे आहे. जुना सेव्ह कसा पुसायचा?

टायटल स्क्रीनवर वर, सिलेक्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबा. पण थांबा, आधी पोकेमॉन हलवा. दोन डीएस असतील तर पाचव्या पिढीच्या गेममध्ये पोके ट्रान्सफरने नेता येतात, तिथून थ्रीडीएसवरच्या पोकेमॉन बँकेत आणि पुढे पोकेमॉन होममध्ये (दोन्ही पोकेमॉन साठवण्याच्या सेवा). ही वाट एकाच दिशेची आहे, परत आणता येत नाही. आणि थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाल्याने बँक आधीच उतरवून ठेवलेल्या मशीनवरच ती चालते. तशी सोय नसेल तर मित्राच्या गेममध्ये अदलाबदलीने ठेवायला द्या, आणि नवा प्रवास थोडा पुढे गेला की परत घ्या. निदान स्टार्टरला तरी पुसू नका.